कारकून कुठल्या रकान्यात?

आमचे हे गाईड लिहितात. परीक्षेचं गाईड, जे पोरं पेपरच्या आदल्या संध्याकाळी घोकतात ते. कोणी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" की मी एवढंच सांगते. समोरची बाई आधी "अरे वा" म्हणते, मग म्हणते, "नाव काय हो त्यांचं? आमच्या मुलीकडे असेल त्यांचं गाईड." पूर्वी मग मला सांगावं लागायचं की गाईडवर नाव त्यांचं नसतं. नाव एका निवृत्त प्राचार्यांचं असायचं. त्या गृहस्थांच्या पदव्या अर्धं कव्हर खायच्या. आणि त्यांनी ते पुस्तक जन्मात कधी उघडून पाहिलेलं नव्हतं. लिहिणारा एक, मिरवणारा दुसरा, आणि गल्ला तिसऱ्याचा, म्हणजे छापखान्याच्या मालकाचा.

माझं शिवणाचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. शाळा-कॉलेजचे गणवेश शिवते. दारावर पाटी आहे, तिच्यावर ह्यांचं आडनाव ठळक अक्षरांत. पाटी रंगवून आली तेव्हा हे रस्त्यात उभे राहून कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले, "चला, कुठेतरी नाव आलं म्हणायचं." हसत म्हणाले, पण मला ते लागलं. तेव्हा मला ह्यांचं फार वाईट वाटायचं.

माझे सासरे एका गोदामावर पहारेकरी होते. हे त्या गोदामाच्या पायरीवर बसून शिकले. पहिल्यापासून भिडस्त. दुकानात सुटे पैसे कमी दिले तरी मागायचे नाहीत, रस्त्याने चालताना भिंतीच्या कडेकडेने चालायचे, जणू रस्ता दुसऱ्या कोणाचा आहे. आधी कॉलेजात शिकवायचे, पण ती नोकरी हंगामी. सुट्टी लागली की काढून टाकायचे, कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज. त्या जाण्यायेण्याला कंटाळून छापखान्यात आले ते तिथेच राहिले. मालक गोडबोल्या. "सर, तुम्ही आमचा कणा आहात," असं म्हणायचा आणि पाठीवर बसायचा.

ह्यांच्या विषयात एक जुनी अमेरिकन कादंबरी नेमलेली आहे. वर्षानुवर्षं तीच. परभाषेतलं साहित्य म्हणून वेगळा पेपर असतो, कादंबरी इंग्रजी पण उत्तरं आपल्या भाषेत लिहायची. तिचं नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेला ते वळत नाही, म्हणून मी तिला गिरणीची गोष्ट म्हणते. लग्न झाल्यावर सुरुवातीला आमच्याकडे फिरायला जायची ऐपत नव्हती. मी एका शिंपिणीकडे कामाला जायचे, हे मला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचे आणि तिथे उभ्या उभ्या गिरणीची गोष्ट सांगायचे. रोज थोडी थोडी. ती सांगताना हा भिडस्त माणूस कुठल्या कुठे जायचा. हात हलवायचे, आवाज बदलायचे, रांगेतली माणसंसुद्धा कान देऊन ऐकायची. मी ह्यांच्या प्रेमात पडले असेन तर त्या बसस्टॉपवर.

गोष्ट अशी. नदीकाठचं एक गाव. तिथला गिरणीमालक विम्यासाठी स्वतःचीच गिरणी पेटवतो आणि आळ घेतो एका नावाड्यावर. नावाडी दारुडा, त्याच्या बाजूने कोण बोलणार? गावातली शाळामास्तरीण तेवढी त्याच्यासाठी जिवाचं रान करते. आणि गिरणीच्या कचेरीत एक कारकून असतो. त्याने मालकाला हातात कंदील घेऊन आत जाताना पाहिलेलं असतं. कोर्टात त्याला विचारतात तेव्हा तो म्हणतो, अंधार होता, मला काही दिसलं नाही. नावाडी तुरुंगात मरतो. त्यानंतर हा कारकून आयुष्यभर, कोणी बघत नाही असं पाहून, नावाड्याच्या बायकोच्या दारात पिठाची पिशवी ठेवत राहतो.

हे ऐकून मी भर रांगेत ओरडले होते, "पीठ काय जाळायचंय? तोंड उघडायला काय झालं होतं मेल्याला!" हे इतके हसले की बस निघून गेली. म्हणाले, "कॉलेजात मी नाही, तू शिकवायला हवं होतंस."

आता गाईड कसं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या पेपरात एक प्रश्न ठरलेला. कादंबरीतली आदरणीय पात्रं कोणती आणि तिरस्करणीय पात्रं कोणती, सकारण लिहा. त्यासाठी गाईडात एक पान असतं. पानावर दोन रकाने, डावीकडे आदरणीय, उजवीकडे तिरस्करणीय. मालकाचा दंडक असा, की प्रत्येक पात्र कुठल्यातरी एका रकान्यात गेलंच पाहिजे. मधे कोणी लटकायचं नाही. प्रत्येकाच्या खाली तीन कारणं, आणि कारण एका ओळीत बसलं पाहिजे.

मास्तरीण आणि नावाडी डावीकडे, गिरणीमालक उजवीकडे, त्यात काही डोकं लागत नाही. कारकुनापाशी मात्र गाडी अडली. ह्यांनी त्याच्यावर वेगळं पान लिहिलं. हा माणूस भित्रा आहे पण दगड नाही, त्याला झोप लागत नाही, असं बरंच काही. मालकाने ते पान बघितलं आणि आडवी रेघ मारली. "सर, पोरांना पेपर लिहायचाय. कारकुनाशी सोयरीक नाही करायची." झालं. ह्यांनी घरी येऊन कागद घेतला आणि कारकुनाला उजव्या रकान्यात टाकला. कारणं लिहिली: भित्रा. स्वार्थी. सत्य ठाऊक असून गप्प.

आमची लेक तेव्हा लहान होती. तिने विचारलं, "बाबा, पण तो पीठ देतो ना?" हे म्हणाले, "देतो. पण त्यांना पीठ नको होतं बाळा, त्यांना साक्ष हवी होती." तिने ते लक्षात ठेवलं. फारच चांगलं लक्षात ठेवलं.

पुढे आमच्या घरात तो खेळच होऊन बसला. जेवताना कोणाचा विषय निघाला की लेक विचारायची, "कुठला रकाना?" दूधवाला डावीकडे. वरच्या मजल्यावरचा, आमच्या खिडकीत पाणी सांडणारा, उजवीकडे. माझ्या थोरल्या जावेला मी स्वतः उजवीकडे घातलं होतं आणि तीन काय तेरा कारणं दिली होती. हे म्हणायचे, "अगं, एका ओळीत बसव." खूप हसायचो आम्ही. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

छापखान्यात एक म्हातारे प्रूफ तपासणारे होते. छापायच्या आधी पान तपासून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. त्यांना सगळे 'दोन चष्मे' म्हणायचे, कारण एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि शोधत असायचे तिसराच. एकटा जीव. हे छापखान्यात नवे होते तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायची, म्हणजे अर्थाच्या नादात चूक निसटत नाही, ही त्यांची युक्ती. आमच्याकडे यायचे तेव्हा लेकीला लाल पेन्सिलीने खुणा शिकवायचे. ही शब्द काढायची, ही जागा सोडायची, आणि ही नागमोडी रेघ म्हणजे उलटसुलट झालंय, अदलाबदल करा. लेक त्यांना आजोबा म्हणायची आणि माझ्या हिशेबाच्या कागदांवर, भिंतीवर, जिथे जागा दिसेल तिथे नागमोडी रेघा मारत सुटायची.

म्हातारा तोंडाने फटकळ होता, पण एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. म्हणायचे, "माझ्या हाताखालून गेलेलं पान मी परत बघत नाही." त्या माणसाकडे दुसरं होतं काय?

मग ते वर्ष आलं. लेक तेव्हा कॉलेजात पोचली होती आणि तिने हट्टाने बापाचाच विषय घेतला होता. एका संध्याकाळी हे घरी आले ते हसतच. जेवायला बसलो तर म्हणाले, "आज मालकाने कमाल केली. दुसऱ्या छापखान्याचं गाईड बाजारात आलं म्हणून कळलं, तर त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. पान वाचवायला रकान्यांची चौकट नवीन करून घेतली आणि शेवटचं प्रूफ न काढताच म्हणाले, लाव मशीनवर! दोन चष्मे विचारतायत, अहो ते पान कुठाय, मला बघू तर द्या. तर म्हणतात, तुम्ही घरी जा, डोळ्यांना आराम द्या." ह्यांनी मालकाची नक्कल इतकी हुबेहूब केली की लेकीला ठसका लागला.

हे सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर बोललं गेलंय. मी ऐकलं, लेकीने ऐकलं. म्हणून सांगते.

झालं असं, की नव्या चौकटीत डोक्यावरचे मथळे उलटे पडले. खालचं सगळं जिथल्या तिथे, फक्त वरची दोन नावं इकडची तिकडे. म्हणजे छापून आलं: आदरणीय पात्रे, गिरणीमालक, कारणे: खोटारडा, क्रूर, लोभी. आणि तिरस्करणीय पात्रे, मास्तरीण, कारणे: धाडसी, प्रेमळ, न्यायी. आता कोणी म्हणेल, वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही का? नाही आलं! पोरांनी जसंच्या तसं घोकलं आणि पेपरात ओतलं. गिरणीमालक आदरणीय आहे कारण तो खोटारडा आहे. आणि तपासणाऱ्यांनी बरोबरच्या खुणा केल्या, कारण त्यांच्या मांडीवरही तेच गाईड. त्या सगळ्या उत्तरपत्रिकांत गिरणीच्या गोष्टीचं जे झालं, त्याबद्दल कोणाला रडू आलं नाही.

बोंब झाली ती वेगळ्याच ठिकाणी. कव्हरवरच्या प्राचार्यांचा कुठेतरी सत्कार होता. तिथे कोणा खट्याळ माणसाने स्टेजवरून तेच पान वाचून दाखवलं. सभागृह हसून हसून लोटपोट. प्राचार्य तणतणत छापखान्यात आले. माझ्या नावाला काळिमा, म्हणे! ज्या नावाखाली कधी एक ओळ लिहिली नाही त्या नावाला. त्यांना तिथल्या तिथे कोणाचं तरी डोकं हवं होतं.

मालकाने सगळ्यांना कचेरीत बोलावलं आणि खापर फोडलं दोन चष्म्यांवर. "म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, मी किती दिवस सांभाळून घेतोय." म्हातारे शांत होते म्हणे. म्हणाले, "ते पान माझ्याकडे आलंच नव्हतं. मी मागितलं होतं. सर तिथेच उभे होते, त्यांना विचारा." आणि सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

हे मला सांगितलं ते ह्यांनीच. दुकानात येऊन मशीनशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दोन चष्म्यांना काढलं."

मी शिवणं थांबवलं. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

हे चिंध्यांच्या टोपलीकडे बघत होते. "मी म्हटलं, मला नीट आठवत नाही."

लेक आतल्या दारात उभी होती, हातात चहाचा कप. ती काही ओरडली नाही. कप बापाच्या पुढ्यात ठेवला आणि एकच शब्द बोलली. "कारकून." आणि आत निघून गेली.

मला आवरलं नाही. म्हटलं, "नीट आठवत नाही? अहो, नकला करून दाखवल्यात ना आम्हाला! मालक कसा हात हलवतो तेसुद्धा आठवत होतं." हे म्हणाले, मालक मलाही काढेल. म्हटलं, काढू दे, माझं दुकान चालतंय, उपाशी नाही मरत. तर म्हणाले, "उद्या सांगतो. मालक शांत झाला की सांगतो." उद्याचा परवा झाला. मग म्हणाले, परीक्षांचा हंगाम आहे. मग म्हणाले, मालकाची बायको आजारी आहे. ह्या माणसाला गप्प बसायला रोज नवं कारण सापडायचं, आणि प्रत्येक कारण एका ओळीत बसायचं.

म्हातारे दुसऱ्या छापखान्यांत काम मागायला गेले. तिथे लोक हसले. "तुम्हीच ना ते, रकाने उलटे करणारे?" प्रूफवाल्याचं एवढं नाव झालं की संपलं सगळं.

आणि मग एके दिवशी हे घरी आले ते चेहरा कसा उजळलेला. प्राचार्यांनी आपलं नाव काढून घेतलं होतं. मालक म्हणाला होता, "सर, पुढची आवृत्ती तुमच्या नावाने. कव्हरवर, मोठ्या अक्षरांत."  आणि मी खोटं बोलणार नाही, मीही हरखले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दाराशी आलं होतं. सासरे असते तर गोदामावर साखर वाटली असती त्यांनी. दुसऱ्याच क्षणी मला कळलं की ही कशाची किंमत आहे, आणि मला मालकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ह्यांच्याही.

त्या आठवड्यात ह्यांनी एक पिशवी आणली. साखर, चहापत्ती, साबण. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "दोन चष्म्यांकडे नेऊन देशील का? माझं नाव नको सांगूस."

मी पिशवी उघडून पाहिली. म्हटलं, "थोडं पीठ घालू का त्यात?"

त्यांना कळलं. नाही कळलं असं नाही. त्यांचे कान लाल झाले, पण पिशवी तिथेच ठेवून हे बाहेर पडले.

मी गेले. पिशवीसाठी नाही, म्हाताऱ्याला बघायला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची खोली. खाली हातोडी चालली की वरचे पेले वाजायचे. म्हातारे खिडकीत बसले होते. दोन्ही चष्मे टेबलावर, डबीत मिटून ठेवलेले. मला ओळखायला त्यांना डोळे बारीक करावे लागले. म्हटलं, चष्मा लावा की. म्हणाले, "कशाला? वाचायचं काय आहे आता?" समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरच्या छापील ओळींत त्यांनी कधीतरी लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त केल्या होत्या. जुन्या महिन्याच्या पानावर. पुढची पानं कोरी.

पिशवी बघून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "परत ने पोरी. सरांना सांग, मला वाणसामान नको. मला एक वाक्य हवंय. 'ते पान त्यांच्याकडे आलं नव्हतं.' बस, एवढंच. मालकासमोर नको तर हमालांसमोर म्हणू दे. चहाच्या टपरीवर म्हणू दे. कोणीतरी ऐकल्याशी कारण."

 घरी येऊन मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, शब्द न शब्द. हे कॉटवर बसून ऐकत होते. म्हणाले, "सांगणारच आहे गं. पण आज माझ्या शब्दाला वजन काय? नवी आवृत्ती येऊ दे, कव्हरवर नाव येऊ दे. मग माझं बोलणं मालकालाही खाली टाकता येणार नाही." मला हे पटलं असतं, जर मी ह्यांना ओळखत नसते.

म्हातारे थोड्याच दिवसांत खोली सोडून भाचीकडे गेले, लांबच्या गावी. लेक त्यांना बसवर सोडायला गेली होती. आल्यावर तिने चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि बापाकडे न बघता मला म्हणाली, "आई, बसमध्ये चढेपर्यंत ते विचारत होते, बाबा काही बोलले का. मी नाही म्हटलं." हे वर्तमानपत्र वाचत होते. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

पुढे थंडीत भाचीचा फोन आला. म्हातारे गेले होते. जाताना जवळच्यांनाही नीट ओळखत नव्हते, पण पानाचं काहीतरी बोलत होते, असं ती म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. हे रडले. खरंखुरं रडले, हुंदके देऊन, म्हातारे ह्यांना बापाच्या जागी होते. मला त्या रडण्याचा इतका संताप आला की मी दुकानात जाऊन मशीन चालवत बसले, बॉबिनमध्ये दोरा नसताना.

त्यानंतर नवी आवृत्ती आली. मालकाने गठ्ठा घरी पाठवला होता. ह्यांनी सुतळी स्वतः सोडली, कात्री लावू दिली नाही. कव्हर निळं, आणि त्यावर ह्यांचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी बोट फिरवलं त्यावरून. छान दिसत होतं, ते नाकारून कसं चालेल? हे माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

लेक आतून आली. "आता वजन आलं ना बाबा?" तिने विचारलं. "मग सांगणार ना मालकाला?"

"आता कोणासाठी सांगू?" हे म्हणाले. "ते तर गेले. गेलेल्या माणसाला काय उपयोग?"

 तिने गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचललं आणि सरळ ते पान काढलं. रकान्यांचं. मथळे या खेपेला बरोबर होते. ती मोठ्याने वाचू लागली, अगदी सावकाश, जसं म्हाताऱ्यांनी शिकवलं होतं. "आदरणीय पात्रे. मास्तरीण. नावाडी." मग ती थांबली. मला वाटलं, झालं वाचून. तिने पुढचं वाचलं. "कारकून. कारणे: कुटुंबवत्सल. संयमी. मनाने दयाळू, नावाड्याच्या घरी न चुकता पीठ पाठवतो."

 रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तेवढाच आवाज.

"मी कादंबरी पुन्हा वाचली," हे म्हणाले. "वय वाढलं की माणसं वेगळी दिसतात. माझं मत बदललं."

लेकीने माझ्या टेबलावरचा लाल खडू घेतला, कापडावर खुणा करायचा. त्या पानावर, एका रकान्यापासून दुसऱ्या रकान्यापर्यंत, तिने एक लांब नागमोडी रेघ ओढली. पुस्तक मिटून बापाच्या हातात दिलं. त्यानंतर महिन्याभरात ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. फोन करते, मला. त्यांची चौकशी करते, म्हणजे तब्येतीची.

तुम्हाला वाटेल, मी नवऱ्याची उणीदुणी काढतेय. हे वाईट असते ना, तर मी केव्हाच उजवीकडे टाकून मोकळी झाले असते. माझ्या आजारपणात ह्यांनी माझी वेणी घातलीय. कोणावर हात उगारला नाही, कोणाचा पैसा बुडवला नाही. पण मला जी गोष्ट ह्यांच्याकडून बसस्टॉपवर मिळाली होती, आमच्या संसारातली एकुलती एक श्रीमंती, ती ह्यांनी स्वतःच्या सोयीसाठी उसवली आणि उलटी शिवली. आणि तिच्यावर स्वतःचं नाव घातलं. ते मी कशी विसरू?

गाईड जोरात खपतं. आता दरवर्षी पोरं घोकतात, कारकून आदरणीय. तपासणारे बरोबरची खूण करतात.

परवा एक मुलगी माप द्यायला आली होती. कॉलेजात जाणारी, बडबडी. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर, म्हणून हातात निळं गाईड. मी खांद्याचं माप घेतेय आणि ही छताकडे बघून घोकतेय, "कारकून. कुटुंबवत्सल. संयमी. मनाने दयाळू."

मी म्हटलं, "चूक आहे ते."

"नाही हो काकू," ती म्हणाली. "गाईडमध्येच आहे. हे सर फार मोठे आहेत. आमच्या मॅडम म्हणतात, दुसरं कुठलं घेऊच नका." तिने पुस्तक उलटं करून कव्हर माझ्यापुढे धरलं. मग नाव वाचता वाचता तिची नजर उघड्या दारातल्या पाटीकडे गेली. पुन्हा कव्हरकडे, पुन्हा पाटीकडे. "अय्या! आडनाव एकच की! हे तुमचे कोण?"

आतल्या खोलीत ह्यांची खुर्ची करकरली. हे ऐकत होते.

मी टेप गुंडाळली. म्हटलं, "मला नीट आठवत नाही."